आर्द्रता, उकाडा आणि लेकरांच्या साथी: नागपुरात पावसाबरोबरच हातापायावर फोड का येतात?

निंबोणी (धागाकर्ती)

ऑगस्ट लागला आणि पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालंय: हात-पाय-तोंडाचा आजार. कुणाच्या मुलीच्या तळहातावर फोड, कुणाच्या तोंडात छाले, केजीचा अर्धा वर्ग घरी. "काल शेजारी कोण बसलं होतं?" एवढ्या एकाच प्रश्नाभोवती सगळी चर्चा फिरतेय. मला त्यापुढचा प्रश्न पडतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हा आजार कुठे दडी मारतो? आणि जानेवारीत, वर्ग खच्चून भरलेले असताना, तो का दिसत नाही?

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे हवेपासून सुरुवात करते. हवामानाच्या बातमीत आर्द्रतेचे टक्के सांगतात, पण ते टक्के त्या-त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त किती वाफ धरू शकते त्याच्या तुलनेत असतात. प्रत्यक्ष वाफ किती, हे काढून पाहा. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम वाफ असते. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि ७५ टक्के, म्हणजे साधारण ८ ग्रॅम. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के असताना हाच आकडा २३ ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे वाफेच्या हिशेबाने आपला मे आणि आपला जानेवारी शेजारी-शेजारी आहेत, आणि पावसाळा हे अगदी वेगळंच जग आहे.

विषाणूंना हा फरक कळतो. काही विषाणूंवर चरबीचं आवरण असतं: फ्लू, गोवर, कांजिण्या. काहींवर ते नसतं: पोलिओ, त्याच्या कुळातले एंटेरोव्हायरस, डोळे येण्याच्या साथीतला अ‍ॅडिनोव्हायरस. हात-पाय-तोंडाचे फोड आणणारे कॉक्सॅकी ए१६, ए६ आणि एंटेरोव्हायरस ७१ हे या बिनआवरणाच्या पोलिओच्या कुळातलेच. १९६० साली हेमेस आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की हवेत तरंगणारा फ्लूचा विषाणू कोरड्या हवेत जास्त तगतो आणि पोलिओचा दमट हवेत. हॉलंडमध्ये फ्लू हिवाळ्यात आणि पोलिओ उन्हाळ्याच्या उत्तरार्धात का यायचा, याचं एक उत्तर त्यातून मिळालं. चीन, जपान, व्हिएतनाममधल्या अभ्यासांतही हात-पाय-तोंडाचा आजार ऊब आणि दमटपणाबरोबर वाढताना दिसतो, आणि तोही त्याच दिवशी नाही, तर आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने.

म्हणून माझं म्हणणं असं की पाऊस सुरू झाला की आपण फक्त डासांचा विचार करतो, तो पुरेसा नाही. मूल दिवसभर ज्या खोलीत असतं त्या खोलीची हवा किती दमट, किती कोंडलेली, आणि तिथल्या वस्तू किती ओल्या, याकडे बघायला हवं. शहराचा पारा हा त्यातला एक लहानसा भाग आहे. इतरांचं काय मत आहे?

---

वऱ्हाडी ठसका

ताई, लय चांगला विषय काढला. पण माहा एक सवाल हाय. मे महिन्यात बाहेर ४५ असते, हे खरं. पण आमचे पोट्टे बाहेर असतेच कुठं? सकाळी नऊपासून सात वाजेपर्यंत कूलरपुढं. मंग त्या खोलीतला मे आन बाहेरचा मे एकच कसा काय?

---

निंबोणी

एकच नाहीच, आणि हा प्रश्न फार मोलाचा आहे.

खसच्या ताट्यांमधून पाणी झिरपतं, हवा त्यातून ओढली जाते, पाणी वाफ होताना उष्णता घेतं. बाहेर ४४ अंश आणि कोरडं असेल तर खोली तिशीच्या आसपास येते आणि आर्द्रता १५ वरून साठ-सत्तर टक्क्यांवर जाते. म्हणजे नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले दिवस) चालू असताना खोलीत आपण जवळजवळ पावसाळाच तयार करतो.

पण दुसरी बाजूही बघा. खिडकीबाहेर बसवलेला कूलर सतत बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तर खोलीतली हवा तासाभरात कितीतरी वेळा बदलते. एखाद्याच्या खोकल्यातून निघालेलं त्यात टिकत नाही. एसी मात्र तीच हवा फिरवत राहतो, वर कोरडीही करतो. आणि कूलर खोलीच्या आतच स्टँडवर ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या, तर दोन्हीकडून तोटा: दमट हवा आणि तीही कोंडलेली. भिंती चिकचिकतात, गाद्यांना वास येतो, तो हाच प्रकार.

---

कडुलिंब

मी नागपुरातच बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. धागा आवडला, पण एका गोष्टीवर हरकत आहे.

निंबोणी, तुमचा हवेचा हिशेब बरोबर आहे. पण विदर्भात शाळा कधी उघडतात? उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर, आणि आपल्याकडे उन्हामुळे जूनच्या अखेरीकडे. पाऊसही त्याच सुमारास स्थिरावतो. म्हणजे आर्द्रता वाढणं आणि अडीच-तीन वर्षांची, आजवर घराबाहेर न पडलेली मुलं एकाच सतरंजीवर येणं, या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात होतात. आठवड्या-दोन आठवड्यांचं जे अंतर तुम्ही पावसाच्या खात्यात टाकता, ते शाळेच्या घंटेपासूनही मोजता येईल. या आजारात लागण होऊन लक्षणं दिसायला ३ ते ६ दिवस लागतात. दोन फेऱ्या झाल्या की वर्ग रिकामा. त्याला वाफेचे ग्रॅम लागत नाहीत.

दुसरं, हवेपेक्षा इथे हात जास्त महत्त्वाचे. हा विषाणू फोडातल्या पाण्यात, लाळेत आणि शौचात असतो. मूल बरं झाल्यावरही शौचातून तो काही आठवडे बाहेर पडत राहतो. आई डायपर बदलते, घाईत हात ओढणीला पुसते आणि पोळी लाटायला घेते. तिथे साथ पुढे जाते.

---

मृगधारा

पुण्याहून वाचतेय. आमच्याकडे फ्लू भर पावसात असतो. फ्लूला कोरडी हवा आवडत असेल तर तो जुलै-ऑगस्टमध्ये का येतो? वर दिलेल्या नियमात हे बसत नाही.

---

निंबोणी

@मृगधारा, याचं उत्तर गिनीपिगांवरच्या प्रयोगात सापडतं. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत आजारी आणि निरोगी गिनीपिग ठेवले. थंड आणि कोरड्या हवेत फ्लू झपाट्याने पसरला. हवा ३० अंशांवर नेली की हवेतून होणारी लागण थांबली. पण पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवलं की एका पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर ३० अंशांवरही लागण होते. म्हणजे उकाड्यात हवेचा रस्ता बंद झाला तरी स्पर्शाचा चालू राहतो. आणि पावसात आपण सगळे खिडक्या लावून एका पिंजऱ्यात बसतो.

भारतातच बघा, श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर जानेवारी ते मार्च, थंड देशांसारखा. खाली बहुतेक ठिकाणी तो पावसाळ्यात. देश एक, विषाणू एक, पण वेळापत्रकं दोन.

@कडुलिंब, शाळेचा मुद्दा मी टाळणार नाही, तो वजनदार आहे. चीनमध्येही सुट्टी लागली की हात-पाय-तोंडाचे रुग्ण कमी होतात, म्हणजे मुलांचं एकत्र येणं मोजलंच पाहिजे. पण शाळा एवढंच कारण असतं, तर दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरले की साथ पुन्हा उसळायला हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हजेरी वर्षातली सगळ्यात चांगली असते. तेव्हा हा आजार ओसरलेला असतो आणि वर्गात दुसरेच पाहुणे येतात. तेव्हा मुलं जमणं आणि हवा, दोन्ही लागतात असं मला दिसतं.

---

कडुलिंब

हिवाळ्याचा मुद्दा पटला. थोडी भर घालतो: ऑक्टोबरपर्यंत ज्यांना व्हायचं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना होऊन गेलेलं असतं, त्यामुळे विषाणूला नवी मुलं कमी मिळतात. तरीही केवळ तेवढ्याने दरवर्षीचा ठराविक हंगाम स्पष्ट होत नाही, हे मान्य.

आमच्या ओपीडीचं वर्ष ढोबळमानाने असं असतं. डिसेंबर-जानेवारीत रोटाव्हायरसचे पाण्यासारखे जुलाब. लसीमुळे यातली गंभीर आजारपणं टळतात, म्हणून ६, १० आणि १४ आठवड्यांचे थेंब चुकवू नका. फेब्रुवारी ते एप्रिल कांजिण्या, गोवर, गालगुंड. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस ९ महिने आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळते, गालगुंडाची त्यात नाही, हे पालकांना माहीत नसतं. एप्रिल-मेमध्ये टायफॉइड आणि कावीळ, कारण पाणी. नळाला दाब नसतो, टँकर येतात, आणि चौकाचौकात कुठल्या पाण्याचा आहे ते न कळणाऱ्या बर्फाचे गोळे असतात. सकाळचं वरण दुपारी ४४ अंशांत ओट्यावर राहिलं तर त्यात जंतू किती वाढत असतील याचा विचार करा. मग जुलैपासून सर्दी-खोकला, फ्लू, हात-पाय-तोंड, डोळे येणं (२०२३ च्या जुलैतली राज्यभरची साथ आठवत असेल), आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर डेंग्यू. २०१८ साली याच दिवसांत नागपूर परिसरात स्क्रब टायफस या तापानेही जोर केला होता. गवत वाढलं की त्यातले माइट्स नावाचे बारीक किडे चावतात. पावसाळ्यात ताप असलेल्या मुलाची काख, जांघ, कानामागची जागा बघा. काळी खपली दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

मृगधारा, फ्लूचं इंजेक्शन आपल्याकडे पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावं. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना दरवर्षी.

---

झाडीपट्टी

या धाग्यावर एका तापाचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. चांदीपुरा.

नाव नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून आहे. १९६५ साली इथल्याच तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू पहिल्यांदा सापडला. पुढे कित्येक वर्षं त्याला कुणी फारसं मोजलं नाही. मग २००३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आंध्रात आणि आपल्या विदर्भात लेकरं तापाने फणफणून, झटके येऊन, बेशुद्ध होऊन जाऊ लागली. एकट्या आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच. सकाळी अंगणात खेळणारं लेकरू, संध्याकाळी दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी नाही. इतका वेग असतो.

हा मुख्यतः वाळूमाशीने पसरतो. डासाच्या निम्म्याहूनही लहान, आवाज न करणारी, भुरकट केसाळ माशी. कोरडं ऊन तिला सोसत नाही. मातीच्या भिंतीची भेग, गोठ्याचा कोपरा, शेणाच्या ढिगाजवळची ओल, अशा जागी ती राहते आणि तिची अंडीही तिथेच. पहिला पाऊस पडला, उकाडा तसाच राहिला आणि भिंती ओलावल्या की तिला हवं ते सगळं मिळतं. म्हणून जून-जुलै.

आमच्या भागात गोठा आणि निजायची खोली यांच्यात अनेकदा एकच भिंत असते. मी गावात सांगत असतो की पावसाआधी भेगा लिंपा, भिंतीच्या खालच्या भागावर फवारणी करून घ्या, लेकरांना जमिनीवर झोपवू नका, अंगभर कपडे घाला. ही माशी उंच उडत नाही. मच्छरदाणी बारीक जाळीची, औषध लावलेली हवी, कारण साध्या जाळीतून ती आत येते. आणि तापात झटका आला तर देवर्षीकडे एक तासही घालवू नका. या आजाराला लस नाही, खास औषध नाही. झटके, मेंदूची सूज आणि श्वास वेळेत सांभाळला गेला तर लेकरू वाचण्याची आशा असते.

---

ऊनसावली

झाडीपट्टी, अंगावर काटा आला. गावच्या ग्रुपवर पाठवतेय.

माझा प्रश्न घरातला आहे. सासूबाई म्हणतात, कांजिण्या म्हणजे माता, ती होळीच्या आसपास येते आणि ऊन तापलं की जाते. लेकराला अंघोळ नाही, फोडणी नाही, उशाशी कडुलिंब. यात खरं किती?

---

कडुलिंब

वेळेचं निरीक्षण अगदी खरं आहे. कांजिण्यांचा विषाणू आवरणवाला आहे आणि उष्णतेत तो लवकर निकामी होतो. उष्ण प्रदेशांत कांजिण्या थंड-कोरड्या महिन्यांत वाढतात आणि तीव्र उन्हाळ्यात कमी होतात. याचा एक परिणाम असा की थंड देशांत बहुतेकांना लहानपणीच कांजिण्या होऊन जातात, आणि उष्ण देशांत बरेच जण त्या न होताच मोठे होतात. मोठेपणी झाल्या तर त्या जड जातात, गरोदरपणात तर धोक्याच्या. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल आणि तिला आधी झाल्या नसतील, तर तिला त्या मुलापासून दूर ठेवा आणि तिच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

अंघोळ मात्र घाला. कोमट पाणी, न घासता, टिपून कोरडं करा. एप्रिलच्या उकाड्यात दहा दिवस घामात ठेवलेल्या मुलाचे फोड पिकतात, आणि मग खुणा राहतात. नखं कापा. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा नाही. उशाशी पाला ठेवायला हरकत नाही, सासूबाईंचं मन राखलं जाईल.

---

वऱ्हाडी ठसका

डेंग्यूचं कोनी बोला ना. मागच्या साली आमच्या गल्लीत लेकरं भरती होते. नाली साफ, तरी डेंग्यू काऊन?

---

निंबोणी

कारण तो नालीतला डास नाही. एडिस स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि नागपुरात त्याच्यासाठी घराघरात एक टाकी बांधून ठेवलेली असते. कूलर.

पाऊस सुरू झाला की कूलर गार करत नाही, कारण हवेत आधीच वाफ भरलेली असते, ताट्यांवरचं पाणी उडतच नाही. मग लोक पंप बंद करतात आणि नुसता पंखा चालवतात. टबात वीतभर पाणी तसंच राहतं, वरून पावसाची भर पडते. टबाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर बोट फिरवून बघा. क्षारांचा पांढरट खरखरीत थर लागेल. त्याच थरात खसखशीपेक्षाही बारीक काळे ठिपके चिकटलेले असतील, तर ती एडिसची अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात आणि कोरडी पडून कित्येक महिने जगतात. पुढच्या एप्रिलमध्ये कूलर भरला की फुटतात. म्हणून नुसतं पाणी काढून भागत नाही. काथ्याने टब आतून घासायचा, कोरडा करायचा, जुन्या ताट्या फेकायच्या आणि टब उलटा ठेवायचा.

उष्णतेचं गणित इथेही आहे. डेंग्यू पसरायला सगळ्यात सोयीचं तापमान २९ अंशांच्या आसपास. त्याहून थंडीत विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला इतका वेळ लागतो की तोवर डासच मरतो; फार उन्हात डास आधी मरतो. ऑगस्ट-सप्टेंबरचं नागपूर नेमकं त्या मधल्या पट्ट्यात बसतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी कोरडी करायची.

---

संत्र्याचं झाड

आधी सगळा धागा वाचून काढला, वाचनखूण साठवली. मी पाळणाघर चालवते, तेव्हा थेट विचारते. सॅनिटायझरच्या बाटल्या दारात, खेळण्यांजवळ, सगळीकडे ठेवल्या आहेत. तरी फोडांचा आजार फिरतोय. आणखी काय करू?

---

कडुलिंब

बिनआवरणाच्या विषाणूंवर अल्कोहोलचा सॅनिटायझर नीट चालत नाही, कारण अल्कोहोल चरबीचं आवरण फोडतं आणि इथे ते आवरणच नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, हाच उपाय. डायपरनंतर आणि खाण्याआधी, मुलांचे आणि ताईंचे दोघांचेही. खेळणी साबणाने धुऊन, पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्याने पुसून, पुन्हा धुऊन उन्हात वाळवा. ऊन नसेल तर पंख्याखाली, पण ओली टोपलीत टाकू नका. कापडी बाहुल्या ऑक्टोबरपर्यंत कपाटात राहू द्या. रुमाल, टॉवेल, पेला प्रत्येकाचा वेगळा.

आजारी मुलासाठी: बहुतेकांना सात-दहा दिवसांत आपोआप बरं वाटतं. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन कधीही नाही. तोंड दुखतं म्हणून खाणार नाहीत. गार दूध, दहीभात, मऊ खिचडी द्या, संत्र्या-मोसंबीचा रस चरचरतो. ताप तीन दिवसांच्या वर गेला, मूल झोपेत दचकून झटके देऊ लागलं, सारखी उलटी होतेय, सुस्त पडलंय किंवा सहा-आठ तास लघवी नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि हा जनावरांचा लाळ-खुरकूत नव्हे, गोठ्यातल्या गाईचा यात काही संबंध नाही.

---

ऊनसावली

धाकट्याच्या पायावर परवा फोड आले, ताप उतरलाय. परवा तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा) आहे. लाकडी बैल सजवून ठेवलाय, रडून गोंधळ घालतोय. नेऊ का?

---

कडुलिंब

या वेळी नको. मैदानात शंभर मुलं एकमेकांचे बैल हाताळतात, बोजारा म्हणून मिळालेला खाऊ त्याच हाताने खातात. औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसेल आणि सगळे फोड सुकले असतील तरच गर्दीत न्यावं. घरी अंगणात पूजा करा, शेजारच्या आजीकडून बोजारा मिळू द्या.

---

संत्र्याचं झाड

महिन्याने पुन्हा लिहितेय. खेळणी धुणं आणि साबण सुरू केल्यापासून नवी लागण थांबली, अर्थात पाऊसही उतरला आहे. पण ज्या दोघांना झालं होतं त्यांची बोटांची नखं मुळाशी सुटून निघताहेत. पालक घाबरलेत. कॅल्शियम सुरू करू का विचारतात.

---

कडुलिंब

कॅल्शियमची गरज नाही. कॉक्सॅकी ए६ नंतर महिन्या-दीड महिन्याने नखं सुटतात, दुखत नाही, खालून नवं नख येतच असतं. ओढू नका. सुटलेला भाग कपड्यात अडकत असेल तर तेवढाच कापा. नखाभोवती लाली, पू किंवा दुखणं असेल तर दाखवायला आणा.